इस्त्री वापरताना आणि जपताना

इस्त्री तापते झटकन, पण निवते सावकाश. कपडे जळतात ते बहुतेक यामुळेच. सुती शर्ट झाला, आच कमी-जास्त करायची चकती खाली आणली आणि लगेच नायलॉनचा कपडा घेतला, तर चकती 1 वर असली तरी तळ अजून सुतीच्याच आचेवर असतो. म्हणून सुरुवात कमी आचेच्या कपड्यांनी करावी आणि सुती शेवटी घ्यावेत.

चकतीवर 1 ठिपका म्हणजे साधारण 110 अंश सेल्सिअस: नायलॉन, ॲक्रिलिक. 2 ठिपके म्हणजे 150: रेशीम, लोकर, पॉलिस्टर. 3 ठिपके म्हणजे 200: सुती, लिनन. कपड्याच्या लेबलवरही हेच ठिपके असतात. इस्त्रीच्या चित्रावर फुली असेल तर इस्त्री करूच नये. मिश्र कापडाला त्यातल्या नाजूक धाग्याची आच लावावी. गडद रंगाचे कपडे उलटे करून घ्यावेत, नाहीतर शिवणींवर चकाकी येते.

इस्त्रीवरचा दिवा पहिल्यांदा विझला की लगेच ती कपड्यावर टेकवू नका. पहिल्या तापण्यात तळ ठरलेल्या आचेच्या पुढे जातो. दिवा एकदा पुन्हा लागून विझू द्या. पुढे तो मधूनमधून लागतो-विझतो, तो बिघाड नव्हे. पण दिवा विझतच नसेल आणि इस्त्री तापतच राहिली, तर थर्मोस्टॅटचे (आच ठरलेल्या पातळीवर राखणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेले असू शकतात. प्लग काढा आणि दुरुस्तीशिवाय पुन्हा लावू नका.

वायर सगळ्यात आधी खराब होते ती इस्त्रीत शिरते त्या मानेजवळ. दर फेरीला तिथेच पीळ पडतो आणि आतल्या बारीक तारा एकेक करून तुटतात. वायर हलवल्यावर दिवा लुकलुकला, रबराला चीर दिसली किंवा ती जागा तळहाताला गरम लागली, तर टेप गुंडाळून भागत नाही, वायरच बदलावी लागते. कापडी वेष्टणातून तारांचे टोक डोकावत असेल तर हात लावण्याआधी बटण बंद करून प्लग काढा. प्लग 3 पिनांचाच हवा, कारण बाहेरचा भाग धातूचा असतो आणि अर्थिंगच आधार देते. बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर इस्त्री लावू नये. ओले हात नकोत, हे वेगळे सांगायला नको.

वाफेच्या इस्त्रीत पाणी भरताना प्लग काढलेला असावा. आच कमी असताना वाफेचे बटण दाबले तर पाण्याची वाफ होत नाही, ते थेंबांनी गळते आणि कपड्यावर तपकिरी डाग पडतात. टाकीत खळ किंवा अत्तर घालू नये, छिद्रे बुजतात. काम झाल्यावर उरलेले पाणी ओतून टाका.

तळाला खळ किंवा वितळलेला धागा चिकटला तर सुरीने खरवडायचे नाही. नॉनस्टिक लेपावर एकदा ओरखडा पडला की पुढे तो प्रत्येक रेशमी कपड्यात अडकतो. इस्त्री पूर्ण निवल्यावर खायचा सोडा आणि पाणी यांची घट्ट पेस्ट ओल्या फडक्याने हलक्या हाताने चोळा आणि स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. वाफेच्या छिद्रांत पेस्ट जाऊ देऊ नका. वितळलेला धागा मात्र गार झाला की घट्ट बसतो. त्यासाठी इस्त्री अगदी कमी तापवून प्लग काढावा आणि लाकडी चमच्याच्या कडेने तो सरकवावा.

फोन किंवा दाराची बेल वाजली की इस्त्री टाचेवर उभी करा आणि बटण बंद करूनच उठा. वायर गुंडाळायची ती तळ पूर्ण गार झाल्यावर, सैल वेढ्यांनी. चटका बसलाच तर 20 मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका.