डिजिटल पुराव्याची हाताळणी शिकायची तर आधी एक पेन ड्राइव्ह घ्या

कलमं पाठ करण्याआधी एक इमेज, म्हणजे ड्राइव्हची डिलीट केलेल्या भागासकट हुबेहूब प्रत, स्वतः काढून बघा. ४ किंवा ८ जीबीचा जुना पेन ड्राइव्ह घ्या, त्यात थोडे फोटो टाका, दोन-तीन डिलीट करा.

एफटीके इमेजर या इमेज काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘क्रिएट डिस्क इमेज’ उघडून ‘फिजिकल ड्राइव्ह’ निवडा. ‘लॉजिकल’ घेतलंत तर पार्टिशनबाहेरची (ड्राइव्हच्या त्या एका विभागाबाहेरची) जागा सुटते. फॉरमॅट ‘रॉ’ आणि फ्रॅगमेंट साइज ० ठेवा, नाहीतर इमेजचे तुकडे पडतात आणि एका तुकड्याचा हॅश (डेटावरून गणिताने काढलेला, त्याच्या बोटाच्या ठशासारखा कोड) पूर्ण पुराव्याचा म्हणून लिहिला जातो. इमेज दुसऱ्या डिस्कवर साठवा. मग विंडोजमधल्या सर्टयुटिल या कमांडने तिचा एसएचए-२५६ प्रकारचा हॅश काढा: ६४ अक्षरं येतील. ‘ई०१’ या दुसऱ्या इमेज फॉरमॅटमध्ये मात्र अशा थेट काढलेल्या हॅशवर विसंबू नका. त्या फाइलमध्ये केसची माहितीही असते, त्यामुळे तो आतल्या डेटाच्या हॅशशी जुळत नाही.

आता पेन ड्राइव्हवरच्या एका फाइलमधलं एक अक्षर बदला आणि पुन्हा इमेज घ्या. अख्खा हॅश बदललेला दिसेल. कोरा पेन ड्राइव्ह नुसता लावला तरी विंडोज त्यावर ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ फोल्डर तयार करतं. जप्त मुद्देमाल राइट ब्लॉकरशिवाय (ड्राइव्हवर काहीही लिहिलं जाऊ न देणाऱ्या उपकरणाशिवाय) लावायचा नाही, तो यासाठीच.

पुढचा सराव कागदावरचा, आणि आमच्या मते जास्त मोलाचा. पंचनाम्यात कंपनी, क्षमता, सिरियल नंबर, वेळ, सीलचं वर्णन आणि पूर्ण हॅश लिहा. नंतर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र भरा. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. हॅश दोन्हीकडे लागतो. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-बीचा नमुना १ जुलै २०२४ नंतरच्या तपासात वापरू नका.

सोबत खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा २०२०चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. वाद जालन्याच्या निवडणुकीचा, पण प्रमाणपत्र कधी लागतं हे त्यात नीट कळतं: मूळ उपकरण मालकाने स्वतः साक्षीत हजर केलं तर नाही, प्रत दिली तर हवंच.

फोनची गोष्ट वेगळी. चालू फोन बंद करू नका. पुन्हा सुरू केल्यावर पासकोड टाकेपर्यंत बराच डेटा एन्क्रिप्टेड राहतो. आधी फ्लाइट मोड, मग फॅराडे पिशवी (सिग्नल अडवणारी), आत पॉवर बँक. नुसत्या पिशवीत फोन सिग्नल शोधत बॅटरी संपवतो.