टेंडर भरताना या चुका टाळा (बेळगाव भागातल्या गुत्तेदारांसाठी)

नवीन पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "शेड्यूलच्या (सरकारी दरपत्रकाच्या) किती टक्के खाली टाकू?" कागदांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची कितीतरी टेंडरं दराचं पाकीट उघडायच्या आधीच बाद होतात. कर्नाटकात सरकारी खरेदी-कामांसाठी १९९९ चा पारदर्शकता कायदा (केटीपीपी) आणि २००० चे नियम चालतात. मोठ्या कामाला दोन पाकिटं असतात. तांत्रिक पाकिटात पास झालात तरच तुमचा दर कुणी बघणार.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते बिड कपॅसिटीवर, म्हणजे तुम्ही अजून किती रुपयांचं काम घेऊ शकता त्या हिशेबावर. केडब्ल्यू-४ या सरकारी टेंडर नमुन्यातलं सूत्र असं: अ × न × १.५ − ब. 'अ' म्हणजे गेल्या पाच वर्षांतल्या एका वर्षात केलेलं सगळ्यात जास्त बांधकाम. 'न' म्हणजे कामाची मुदत, वर्षांत. 'ब' म्हणजे हातात असलेली, त्या मुदतीत करायची उरलेली कामं. अ ८० लाख, मुदत एक वर्ष, ब ७० लाख असेल तर कपॅसिटी ५० लाख. काम ६० लाखांचं असेल तर विषय संपला. मुदत सहा महिने असेल तर 'न' अर्धा धरायचा, हे तर निम्म्या लोकांच्या गावीच नसतं. 'अ' मध्ये खडी-वाळू सप्लायची उलाढाल घुसडणारे वेगळेच.

निपाणीकडचा एक गुत्तेदार, कामाला एकदम चोख. चंदगड-गडहिंग्लजकडे त्याची दोन रस्त्यांची कामं चालू होती. इकडच्या टेंडरात 'ब' मध्ये त्यानं ती दाखवलीच नाहीत. "तिकडचं इकडं कोण बघतंय हो?" असं वर मलाच. दर त्याचाच सगळ्यात कमी निघणार, अशी बाजारात हवा होती. पण त्याच टेंडरात असलेल्या दुसऱ्यानं महाराष्ट्रातल्या दोन्ही वर्क ऑर्डरच्या प्रती तक्रारीला जोडून दिल्या. ती कामं धरल्यावर कपॅसिटी पार खाली आली. टेंडर बाद झालं, खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तो निराळाच. ऑफिसातल्या साहेबाला तुमची कामं माहीत नसतील, पण तुमच्या स्पर्धकाला तुमचा मिक्सर कुठल्या गावात उभा आहे हेही माहीत असतं. मी महिन्याच्या महिन्याला वहीत लिहून ठेवतो: काम कुठलं, किती झालं, किती उरलं. सीमेच्या अलीकडचं, पलीकडचं, सगळं एकाच पानावर.

दुसरी खोड शेवटच्या दिवसाची. ईएमडीचं (बयाणा रकमेचं) चलन दुपारी काढायचं, बँकेत एनईएफटीला धावायचं, पैसे जमा दिसेपर्यंत मुदत संपलेली. मग पोर्टलला शिव्या. पोर्टलचं घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही आणि "सर्व्हर स्लो होता" हे कुणी ऐकून घेत नाही. माझी ईएमडी दोन दिवस आधी जाते, चलनावर आहे तेवढीच रक्कम, रुपया इकडचा तिकडं नाही. सायबर कॅफेवाल्याच्या हातात डिजिटल सही देऊन चहाला जाणाऱ्यांना तर मी समजावणं सोडून दिलंय.

अनुभवाच्या दाखल्यावर कार्यकारी अभियंता किंवा त्याच्या वरच्याची सही लागते. महाराष्ट्रातून उपअभियंत्याच्या सहीचा दाखला आणाल तर तो घरीच ठेवा. दाखला मराठीत असेल तर सोबत इंग्रजी प्रत जोडा.

सरकारी कामावर जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १८ टक्के आहे. जुन्या १२ टक्क्यांच्या हिशेबावर अजून दर काढणारे भेटतात. एक टक्का कामगार सेसही बिलातून कापला जातो, तो आधीच धरा.

काम राखीव आहे का ते बघा. अनुसूचित जातींसाठी १७.१५ आणि जमातींसाठी ६.९५ टक्के कामं राखीव असतात. हे आरक्षण आधी ५० लाखांपर्यंतच्या कामांना होतं, २०२३ मध्ये ते एक कोटीपर्यंतच्या कामांना केलं. ते न बघता रात्र-रात्र जागून दर काढणारे आहेत.

जागा बघितल्याशिवाय दर टाकू नका. कणकुंबीकडच्या पावसात जून ते सप्टेंबर डांबर विसरा, अथणीच्या काळ्या मातीत पाया किती खाली जाईल ते आधी खणून बघा. खडीची खाण किती लांब आहे ते गाडी घेऊन मोजा, नकाशावर नको.

आणि टेंडर चुकीनं बाद झालंय असं खरंच वाटत असेल तर हॉटेलात बसून बोंबलू नका. केटीपीपी कायद्याच्या कलम १६ खाली अपील आहे, आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत. म्हणून आदेशाची प्रत आणि ती मिळाल्याची तारीख आधी फाइलला लावा.