एकाच लॅपटॉपवर ऑफिसचं आणि स्वतःचं गिटहब वेगळं कसं ठेवायचं

ऑफिसच्या रेपोत (गिटमधलं प्रोजेक्टचं फोल्डर) पर्सनल जीमेलने कमिट, म्हणजे बदलांची नोंद, गेलं की बरेच जण आधी एसएसएच की (गिटहबला ओळख पटवणारी फाइल) बदलत बसतात, पण कमिटवर कोणाचं नाव लागणार याचा कीशी काही संबंधच नाही. नाव आणि ईमेल गिटच्या कॉन्फिगमधून येतं, पुश करायची, म्हणजे कमिट गिटहबवर चढवायची, परवानगी की देते, आणि ही दोन्ही कामं वेगवेगळी करावी लागतात.

आधी होम फोल्डरमध्ये (खाली ~ म्हणजे तेच) दोन फोल्डर करा, ऑफिस आणि घर, आणि प्रत्येक रेपो यापैकी एकातच क्लोन करायचा (गिटहबवरून उतरवून घ्यायचा), डेस्कटॉपवर वगैरे नाही. मग .गिटकॉन्फिग फाइल उघडा आणि त्यातला यूजरचा ईमेल चक्क काढून टाका, कारण ग्लोबल ईमेल असला की गिट कुठेही गुपचूप तोच लावतं. त्याऐवजी यूजर सेक्शनमध्ये यूजकॉन्फिगओन्ली = ट्रू करा, म्हणजे ईमेल ठरलेला नसेल तिथे गिट अंदाजाने काहीतरी न लावता सरळ कमिटच नाकारतं. मला ही सेटिंग सगळ्यात महत्त्वाची वाटते. मग त्याच फाइलमध्ये खाली हे टाका (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत करायचं):

[इन्क्लूडइफ "गिटडिर:~/ऑफिस/"]
पाथ = ~/.गिटकॉन्फिग-ऑफिस

घरसाठी पण असंच, आणि त्या दोन छोट्या फाइलींमध्ये आपापलं नाव आणि ईमेल. फोल्डरच्या नावामागचा तो शेवटचा स्लॅश विसरू नका, तो नसेल तर आतल्या रेपोंना नियम लागतच नाही आणि एररही येत नाही. गिट 2.13 किंवा पुढचं हवं, ते 2017 मध्येच आलंय त्यामुळे बहुतेकांकडे असेलच. चेक करायला एखाद्या रेपोत जाऊन गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन यूजर.ईमेल चालवा, ईमेल कुठल्या फाइलमधून आला तेही दिसतं. नुसत्या ऑफिस फोल्डरात उभं राहून बघितलंत तर काहीच दिसणार नाही, ही अट रेपोच्या आतच लागू होते.

आता की. दोन अकाउंटला एकच की चालत नाही, गिटहब ती दुसऱ्यांदा घेतच नाही, म्हणून एसएसएच-कीजेनने ईडी25519 टाइपच्या दोन बनवा, वेगळ्या नावांनी, आणि प्रत्येकीची .पब फाइल (कीचा जगाला दाखवायचा भाग) आपापल्या अकाउंटमध्ये टाका. मग .एसएसएच फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलमध्ये दोन होस्ट लिहा, समजा गिटहब-ऑफिस आणि गिटहब-घर, दोन्हींचं होस्टनेम गिटहब.कॉम, यूजर गिट, आयडेंटिटीफाइल आपापली, आणि आयडेंटिटीजओन्ली येस. ही शेवटची ओळ लोक गाळतात आणि मग अडकतात, कारण एसएसएच एजंटमध्ये (की लक्षात ठेवणारा प्रोग्राम) दोन्ही की असतील तर एसएसएच एकेक करून पुढे करतं आणि गिटहबला जी पहिली ओळखीची दिसली त्याच अकाउंटने तुम्ही आत जाता. मग ऑफिसचा प्रायव्हेट रेपो पुल करताना "रिपॉझिटरी नॉट फाउंड" येतं, रेपो तर तिथेच असतो पण तुम्ही भलत्याच अकाउंटने गेलेले असता, आणि ज्याला परवानगी नाही त्याला गिटहब तो रेपो आहे हेसुद्धा सांगत नाही.

क्लोन करताना यूआरएलमध्ये गिटहब.कॉमच्या जागी गिटहब-ऑफिस लिहायचं, जुन्या रेपोंमध्ये हाच बदल गिट रिमोट सेट-यूआरएलने करायचा. एसएसएच -टी गिट@गिटहब-ऑफिस चालवलं की "हाय" म्हणून ज्या अकाउंटचं नाव येतं त्यानेच तुम्ही आत गेलात.

एसएसएचऐवजी एचटीटीपीएस वापरत असाल तर यूआरएलमध्ये गिटहब.कॉमच्या आधी यूजरनेम आणि @ टाका, म्हणजे सेव्ह केलेली दोन टोकन (पासवर्डच्या जागी गिटहबवर बनवायचे कोड) एकमेकांत मिसळत नाहीत (पासवर्ड 13 ऑगस्ट 2021 पासून चालत नाही). आणि लॅपटॉप कंपनीचा असेल तर स्वतःचा कोड त्यावर ठेवायची मुभा आहे का ते आधी विचारून घ्या, काही कंपन्यांच्या करारात त्यावर केलेलं काम कंपनीचं असं लिहिलेलं असतं.

आधीच चुकीच्या ईमेलने कमिट झालं असेल आणि पुश केलं नसेल तर गिट कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर --नो-एडिट, शेवटचं कमिट नीट होतं. पुश झालं असेल तर हिस्टरी बदलून फोर्स पुश (गिटहबवरच्या जुन्या कमिटवर जबरदस्तीने नवं चढवणं) करावं लागतं, त्याने बाकीच्यांच्या ब्रँचेस बिघडतात, म्हणून टीमला विचारल्याशिवाय ते करू नका.