महाकाय रेडिओ दीर्घिका शोधताय? आधी मोजपट्टी खाली ठेवा

महाकाय रेडिओ दीर्घिका म्हणजे जिच्या गाभ्यातल्या कृष्णविवराजवळून दोन्हीकडे सुटलेले झोत (जेट) लाखो प्रकाशवर्षं दूर जाऊन रेडिओत चमकणारे फुगे (लोब) करतात ती. नवा माणूस रेडिओ आकाशाचे नकाशे उघडतो आणि तासाभरात कळवतो, "सर, महाकाय सापडली!" बहुतेक वेळा सापडलेले असतात दोन डाग. मधली रेघ त्याने स्वतः ओढलेली असते.

ही चूक मीही केलीय, म्हणून जास्त चिडतो. एनव्हीएसएस या रेडिओ सर्वेक्षणाच्या नकाशात दोन लांबट डाग, बरोब्बर मध्ये एक गुबगुबीत लंबवर्तुळाकार दीर्घिका, रेडशिफ्ट (प्रकाश तांबड्याकडे किती सरकलाय ते; त्यावरून अंतर काढतात) ०.२. टोकापासून टोकापर्यंत ६ आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक आर्कमिनिट). तेवढ्या दूर एक आर्कसेकंद (आर्कमिनिटाचा साठावा भाग) म्हणजे साधारण ३,३०० पार्सेक; हिशेब आला १२ लाख पार्सेकच्या आसपास, म्हणजे ३९ लाख प्रकाशवर्षं. महाकाय म्हणवून घ्यायला ७ लाख पार्सेक पुरतात. मी पेढे जाहीर करून मोकळा! दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने तीच जागा फर्स्ट सर्वेक्षणात उघडली. एनव्हीएसएसची नजर ४५ आर्कसेकंदांची, फर्स्टची ५; आकडा लहान तेवढा तपशील बारीक. प्रत्येक डागाच्या पोटात स्वतःचा गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना इवलेसे लोब. दोन वेगळ्याच दीर्घिका. माझ्या गुबगुबीतच्या जागी रेडिओत काळोख. पेढे मात्र आणावेच लागले.

तेव्हापासून आधी गाभा बघतो. कृष्णविवर अजून जेट सोडत असेल तर तिथे बहुधा बारीक, ठसठशीत ठिपका दिसतो, आणि तो ऑप्टिकल (दृश्य प्रकाशातल्या) चित्रातल्या दीर्घिकेवर नेमका बसला पाहिजे. "जवळपास बसतोय" हे मला सांगू नका.

याउलट फक्त फर्स्ट बघून "इथे लोबच नाहीत" म्हणणारेही भेटतात. दूरदूरच्या अँटेनांच्या जोड्यांना पसरट, फिकट उजेड पकडता येत नाही, एवढंच. जेट बंद पडले तरी म्हातारे लोब कमी फ्रिक्वेन्सीला बराच काळ तगतात. त्यासाठी नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीने केलेलं १५० मेगाहर्ट्झचं टीजीएसएस सर्वेक्षण उघडा. मी तिन्ही चित्रं शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय लांबी मोजत नाही. वेळ जातो, जाऊ दे.

रेडशिफ्टला प्रकाशाच्या वेगाने गुणून आणि विश्वाच्या प्रसरणाच्या दराने भागून अंतर काढायचा शॉर्टकट ०.२ ला चालत नाही. रेडशिफ्टवरून अंतर नीट काढून देणारा कॉस्मॉलॉजी कॅल्क्युलेटर फुकट मिळतो. फोटोमेट्रिक (दीर्घिकेच्या रंगांवरून काढलेला) रेडशिफ्ट हा अंदाज आहे, तसंच लिहा. मोजलेली लांबी ही आकाशावरची सावली. खरी तेवढी किंवा जास्तच.

"एवढा पसारा, म्हणजे कृष्णविवर राक्षसी असणार." नाही हो. युरोपातल्या लॉफार रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०२२ मध्ये पुढे आलेली अल्सायोनियस ही महाकाय दीर्घिका सुमारे १.६ कोटी प्रकाशवर्षं लांब आहे, आणि तिचं कृष्णविवर अंदाजे ४० कोटी सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं. एम८७ या दीर्घिकेतलं ६५० कोटी सूर्यांचं, पण कन्या दीर्घिकासमूहाच्या तप्त वायूत बसलेल्या तिचा रेडिओ पसारा जेमतेम अडीच लाख प्रकाशवर्षांचा.

आणि हो, चित्रातला केशरी रंग सॉफ्टवेअरने भरलेला असतो. परवा एकाने त्यावरून लोबचं तापमान काढून पाठवलं.