टँकचा गेम : गरुड वाचवायचा असेल तर या चुका टाळा

दोन-तीन लाइफ शिल्लक असतात आणि तरीही खेळ संपतो. नाम्कोने १९८५ साली काढलेल्या 'बॅटल सिटी'त, म्हणजे आपल्या टँकच्या गेममध्ये, बहुतेकांचा खेळ असाच संपतो. हात जलद चालतात, शत्रूचे टँक भराभर उडतात, पण खाली गरुडाजवळ, म्हणजे ज्याला एक गोळी लागली की खेळच संपतो त्या आपल्या तळाजवळ, कुणी नसतं. या गेममध्ये मारण्यापेक्षा राखणं महत्त्वाचं आहे, आणि पुढच्या बहुतेक चुका ते विसरल्यामुळेच होतात.

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घरी भावंडं जमली की माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम हमखास खाली येतो. घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीची आरती झाली, जेवणं झाली की दोन रिमोट आणि सहा-सात उमेदवार. अशा वेळी नव्या खेळाडूची पहिली चूक ठरलेली असते : स्टेज सुरू होताच सरळ वर धावणं. शत्रू वरूनच येतात, डावा कोपरा, मध्य आणि उजवा कोपरा अशा तीन जागांवरून, म्हणून तिथेच जाऊन त्यांना टिपावं असं वाटतं. पण एका स्टेजमध्ये वीस टँक येतात आणि एकटे खेळत असाल तर एका वेळी चार मैदानात असतात. तुम्ही उजव्या कोपऱ्यात एकाशी झुंजत असताना डावीकडचा निवांत खाली उतरतो. गरुडाभोवतीची विटांची भिंत पातळ आहे. साध्या दोन गोळ्यांत ती फुटते, तिसरी गोळी थेट गरुडाला लागते. वरून खाली परत यायला लागणारा वेळ त्याहून जास्त असतो.

म्हणून मैदानाच्या खालच्या अर्ध्या भागातच राहा. शत्रू शेवटी तिथे येणारच आहेत.

दुसरी चूक जास्त जिवाला लागते, कारण ती आपल्याच हातून होते. तुमची गोळीही गरुडाला मारते. भिंतही तीच फोडते. समजा, शत्रू सगळ्यात खालच्या रांगेत गरुडाच्या डावीकडे आला आहे आणि तुम्ही त्याच्याही डावीकडे आहात. तोंड उजवीकडे करून बटण दाबलं, पहिली गोळी त्याला लागली, तो फुटला. पण घाईघाईत दाबलेली दुसरी गोळी मोकळ्या रांगेतून पुढे गेली आणि भिंतीत घुसली. पुढच्या वेळी तिथूनच शत्रूला वाट मिळते. अशा वेळी एक रांग वर चढा, त्याच्या डोक्यावर या आणि खाली तोंड करून मारा. गोळी चुकली तर मैदानाच्या कडेला आपटेल, नुकसान काही नाही. मनात एकच नियम पक्का करा : गोळी मारताना गरुडाकडे पाठ हवी. गरुड आणि शत्रू यांच्यामध्ये आपण असू, तेव्हाच समोरासमोर लढायचं.

टर्बोचं बटण याच कारणासाठी धोक्याचं. बऱ्याच रिमोटवर नेहमीच्या दोन बटणांच्या वर टर्बोची आणखी दोन असतात. ती दाबून धरली की आपोआप गोळ्या सुटत राहतात, त्यामुळे टँक वळताना मधल्या दिशेलाही गोळी सुटते. गरुडाजवळ असताना टर्बोला हातही लावू नका. तसाही त्याचा वाटतो तेवढा फायदा नाही, कारण साध्या टँकची एका वेळी एकच गोळी मैदानात असू शकते. ती कुठेतरी आदळेपर्यंत दुसरी सुटत नाही, बटण कितीही वेगाने दाबा.

यातूनच तिसरी चूक निघते : लांबून मारणं. पडद्याच्या या टोकावरून त्या टोकाकडे मारलेली गोळी चुकली, तर ती भिंतीला लागेपर्यंत तुम्ही रिकाम्या हाती उभे. जवळून मारलं तर गोळी लगेच आदळते आणि लगेच दुसरी तयार होते. चार गोळ्या खाणारा जाड टँक, ज्याचे ४०० गुण मिळतात, तो जवळूनच मारायचा असतो. समोरासमोर आलात तर घाबरून वळू नका. तुमची आणि त्याची गोळी एकमेकींवर आदळल्या तर दोन्ही नाहीशा होतात. तोंड त्याच्याकडे ठेवून मारत राहणं हाच तिथला बचाव आहे. वळलात की कडेने गोळी खाल्लीच म्हणून समजा.

बक्षिसांच्या बाबतीत थोडक्यात. चौथा, अकरावा आणि अठरावा टँक लुकलुकत येतो. त्याला गोळी लागली की मैदानात कुठेतरी बक्षीस उमटतं. नवा लुकलुकणारा टँक आला की आधीचं न उचललेलं बक्षीस जातं, म्हणून फार रेंगाळू नका. पण गरुड उघडा टाकून घड्याळाच्या बक्षिसामागे (त्याने शत्रू काही वेळ थांबतात) धावू नका. सगळ्यात मोलाचा तारा. पहिल्या ताऱ्याने गोळी वेगवान होते, दुसऱ्याने एका वेळी दोन गोळ्या सुटतात, तिसऱ्याने पोलादी भिंतही फुटते. लाइफ गेली की सगळे तारे जातात. म्हणून तीन तारे असलेल्याने सगळ्यात जपून खेळावं, आणि गरुडाच्या भिंतीपासून तर चार हात दूरच राहावं. फावडं मात्र भिंत पडलेली असताना घ्या. गरुडाभोवती काही काळ पोलाद येतं आणि ते गेल्यावर विटा पुन्हा धड मिळतात. बॉम्बने मैदानातले सगळे टँक उडतात, पण त्यांचे गुण मिळत नाहीत. २०,००० गुणांना एक जादा लाइफ आहे, एवढं लक्षात ठेवून तो वापरा.

दोघं खेळत असाल तर काम आधी वाटून घ्या. "दादा, तू वर जा, मी खाली थांबतो," एवढं बोलणं पुरतं. दोघांच्या खेळात मैदानात एका वेळी सहा शत्रू असतात, त्यामुळे दोघंही वर गेले तर खेळ लगेच आटोपतो. जोडीदाराला आपली गोळी लागली तर तो मरत नाही, पण काही सेकंद जागचा हलत नाही. गंमत म्हणून लहान भावंडाला असं अडकवणं थांबवा. त्याच क्षणी शत्रू त्याला टिपतो, ते रडायला लागतं आणि सगळ्यांचाच खेळ मोडतो.

आता खेळ सुरूच होत नसेल तर. आपल्याकडचा पावसाळा आणि खारी हवा कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्यांना सोसत नाही. त्यांवर काळपट, कधी हिरवट थर चढतो आणि पडद्यावर नुसते चौकोन दिसतात. अशा वेळी सगळे कॅसेटमध्ये फुंकर मारतात. ते करू नका. तोंडाची वाफ पट्ट्यांवर बसते आणि गंज वाढतो. कॅसेट काढून पुन्हा बसवल्यावर गेम लागतो तो पट्ट्या नीट टेकल्यामुळे, फुंकरीमुळे नव्हे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पट्ट्या पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा. सँडपेपर चुकूनही नको, वरचा मुलामा निघतो. चवथ संपली की कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. आणि खटका चालू असताना कॅसेट कधीही काढू-घालू नका.

अडॅप्टर हरवला म्हणून घरातला कुठलाही लावणं ही महागात पडणारी चूक. पिन बसते म्हणजे चालतो असं नाही. व्होल्ट आणि पिनच्या आतल्या-बाहेरच्या बाजूची अधिक-उणे खूण, दोन्ही यंत्रावर छापल्याप्रमाणे जुळली पाहिजेत. उलटी जोडली तर यंत्र जळू शकतं.

नव्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं आलं तर लगेच यंत्राला दोष देऊ नका. व्हिडिओची पिवळी पिन टीव्हीच्या हिरव्या खोबणीत असेल तर टीव्हीच्या मेन्यूत साधं एव्ही निवडलंय का ते पाहा, कलर सिस्टीम बदलून पाहा. बटण दाबल्यावर टँक उशिरा हलतो असं वाटत असेल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. चित्र सुधारण्यात टीव्ही जो वेळ घालवतो, तो त्याने कमी होतो. पडदा ४:३ वर ठेवा, नाहीतर टँक आडवे ताणलेले दिसतात आणि अंतराचा अंदाज चुकतो.

आणि लहान मुलांना थेट पहिल्या स्टेजवर बसवण्याआधी 'कन्स्ट्रक्शन' उघडून द्या. तिथे विटा, पोलाद, पाणी, झाडी आणि बर्फ हवं तसं मांडता येतं. गरुडाच्या दोन्ही बाजूंना पोलाद घालून वरून एकच वाट ठेवा आणि त्या वाटेवर त्यांना पहारा करू द्या. ती वाट राखता आली की पुढच्या वेळी एका बाजूचं पोलाद काढा.