दुसऱ्या रविवारी फोन घेऊन येण्याआधी

मी सांगलीत एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला विश्रामबागेत आमच्या घरी पाच-सात माणसं जमतात आणि जेवणाच्या टेबलावर जुने फोन मांडून बसतात. अभियांत्रिकीला शिकणारी दोन मुलं, तासगावचे बेदाण्याचे व्यापारी काका, पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा, माझी भाची आणि अधूनमधून कोणीतरी नवीन. ओपन सोर्स फोन हा आमचा विषय. म्हणजे ज्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो, असा फोन. नवीन माणूस आला की पहिला तासभर त्याच त्या गोष्टी सांगण्यात जातो, म्हणून या वेळी लिहून काढल्या.

फोनवर दुसरी सिस्टीम (म्हणजे अँड्रॉइडसारखं, फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) टाकायला एक दुपार पुरते. आपल्याला काय दिसलं ते दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं सांगायला शिकण्यात मात्र माझी दोन वर्षं गेली. त्यामुळे खाली तोच भाग मोठा आहे.

कुठला फोन

रोजचा फोन आणू नका. कपाटात पडलेला, काचेला तडा गेलेला पण चालू असलेला फोन चांगला. बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम उभी करणारा भाग) अनलॉक केला की फोन सुरक्षिततेच्या तपासणीत नापास होतो आणि बँकांची बरीच ॲप त्यावर चालत नाहीत. ज्या फोनवरून दूधवाल्याचे पैसे जातात, त्याच्यावर प्रयोग नको. दुसरं कारण कॉलचं. जिओकडे टू-जी, थ्री-जी नाहीच, त्यामुळे तिथे कॉल व्होल्टीईवरूनच, म्हणजे फोर-जीवरूनच जातो. नव्या सिस्टीमवर तुमच्या मॉडेलचं व्होल्टीई चालत नसेल, तर इंटरनेट व्यवस्थित चालेल आणि फोन मात्र लागणार नाही. म्हणून कॅमेरा चालतो का हे नंतर विचारा, आधी व्होल्टीईचं विचारा.

आमच्या गटाचा एक नियम सांगलीमुळे झालेला आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत माझी बहीण गावभागात पहिल्या मजल्यावर अडकली होती, आणि दर दोन तासांनी येणारा तिचा फोन हाच आमचा आधार होता. तेव्हापासून पुलावरची पातळी वाढू लागली की कुणीही आपल्या एकुलत्या एका चालू फोनला हात लावायचा नाही, असं ठरलं आहे. हा नियम आम्ही कुणासाठीही मोडत नाही.

फोनचं नाव नीट माहीत करून घ्या. खोक्यावरचं नाव पुरत नाही. रेडमी नोट ४ या एकाच नावाने स्नॅपड्रॅगनचा आणि मीडियाटेकचा असे दोन वेगळे फोन निघाले. पहिल्याचं सांकेतिक नाव ‘मिडो’, दुसऱ्याचं ‘निकेल’. एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. वनप्लस ६ म्हणजे ‘एन्चिलाडा’ आणि ६टी म्हणजे ‘फहीता’. या दोन्ही मेक्सिकोतल्या खाण्याच्या वस्तू आहेत, हे आम्हाला बेदाण्याच्या काकांनी शोधून सांगितलं. लिनिएजओएस ही अँड्रॉइडच्याच कोडवर स्वयंसेवकांनी उभी केलेली सिस्टीम. तिच्या यादीत तुमचं सांकेतिक नाव असेल आणि त्या फोनसाठी नव्या आवृत्त्या अजून निघत असतील, तर पुढे जा.

रोज वापरता येईल असं काही हवं असेल तर लिनिएजओएस घ्या. फोनवर खरंखुरं लिनक्स (संगणकांवर चालणारी ओपन सोर्स सिस्टीम) कसं चालतं हे शिकायचं असेल तर पोस्टमार्केटओएस. हे २०१७ मध्ये सुरू झालं आणि अल्पाइन या लिनक्सच्या एका प्रकारावर उभं आहे. उबुंटू टच ही फोनसाठीची आणखी एक सिस्टीम कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये सोडून दिली, ती यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी उचलली. लिनिएजचंही तसंच. त्याच्या आधीचं सायनोजेनमॉड २०१६ च्या डिसेंबरमध्ये बंद झालं आणि त्याच कोडवर लिनिएजओएस उभं राहिलं. कोड उघडा होता म्हणून हे होऊ शकलं. मला या विषयाची ओढ लागली ती इथेच.

टाकायचं कसं

प्रत्येक फोनची कृती वेगळी असते, ती त्या सिस्टीमच्या संकेतस्थळावरच्या त्या फोनच्याच पानावरून वाचायची. सगळ्यांना लागू पडतं तेवढं सांगते.

सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डीबगिंग चालू करायचं. काही कंपन्या अनलॉकसाठी काही दिवस थांबायला लावतात, काही अनलॉक करूच देत नाहीत. अनलॉक होताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. आईचे फोटो, आवाजाच्या चिठ्ठ्या, सगळं. आधी लॅपटॉपवर उतरवा, आणि उतरवलेलं उघडून बघा.

त्यानंतर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, कागदावर लिहा. हे मी एवढं बजावते त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या फोनवर मी कुठेतरी वाचलेल्या आज्ञा अर्थ न समजता एकामागून एक दिल्या. त्यातल्या एकीने आयएमईआयची माहिती असलेलं पार्टिशन (साठवणीतला वेगळा कप्पा) पुसलं गेलं. फोन सुरू झाला, पण सिम कधीच चाललं नाही. दुकानात ‘टाकून देतो दुसरा नंबर’ असं म्हणणारे भेटतात. त्या वाटेला जाऊ नका, आयएमईआय बदलणं हा गुन्हा आहे. तो फोन आता स्वयंपाकघरात अभंग लावायला आहे. तुमच्या मॉडेलसाठी त्या पार्टिशनचा बॅकअप घेण्याची रीत सांगितलेली असेल, तर ती आधी करा.

सिस्टीमची फाइल उतरवली की तिचा शा-२५६ चा आकडा (फाइल पूर्ण आणि तीच आहे का हे दाखवणारा ठसा) पानावरच्या आकड्याशी ताडून बघा. बॅटरी निम्म्याहून जास्त ठेवा. गुगलची ॲप हवी असतील तर नवी सिस्टीम टाकल्यावर फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधीच टाकावी लागतात, नंतर नाही. सगळं झाल्यावर बूटलोडर परत लॉक करायचा मोह होतो. तुमच्या फोनच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर करू नका, फोन कायमचा बसू शकतो.

बोलायचं कसं

आपण सगळ्यांनी शाळेत प्रयोगवही लिहिली आहे: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रश्न विचारताना हाच क्रम ठेवा. बहुतेक माणसं थेट अनुमानापासून सुरू करतात.

गेल्या वर्षी एक मुलगा आला आणि म्हणाला, “पोको एफ१ वर पोस्टमार्केट टाकलं, फोन मेला.” मेला हे अनुमान झालं. मी त्याला निरीक्षणं विचारत गेले. पॉवर दाबल्यावर फोन थरथरतो का? थरथरतो. लॅपटॉपला जोडल्यावर काही नवीन दिसतं का? नवं नेटवर्क दिसतं. आम्ही लॅपटॉपवरून १७२.१६.४२.१ या पत्त्यावर गेलो, तर फोनने पासवर्ड विचारला. फोन जिवंत होता, फक्त पडदा काळा होता. पोको एफ१ मध्ये दोन प्रकारचे डिस्प्ले पॅनेल येतात, टियान्मा आणि ईबीबीजी, आणि पोस्टमार्केटओएसची इमेज (फोनवर टाकायची तयार फाइल) त्यानुसार निवडावी लागते. त्याने दुसरीच घेतली होती. ‘पडदा काळा, पण यूएसबी नेटवर्क दिसतं’ एवढं त्याने पहिल्या वाक्यात सांगितलं असतं, तर तीन आठवडे फोन पिशवीत पडला नसता.

याच्या उलट आमचे पोस्टातले आजोबा. एका रात्री साडेनऊला त्यांचा माझ्या भाचीला फोन आला. साइडलोड करताना, म्हणजे लॅपटॉपवरून केबलने फोनवर सिस्टीमची फाइल टाकताना, लॅपटॉपवर आकडा ४७ टक्क्यांवर थांबला होता आणि खाली एक ओळ आली होती. आजोबांनी ती अक्षरन् अक्षर वहीत उतरवली होती: ‘एडीबी: फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस’. ओळ ऐकल्याबरोबर भाची म्हणाली, “आजोबा, झालंय तुमचं. फोनकडे बघा.” काही फोनवर काम पूर्ण होऊनही लॅपटॉप ४७ वरच थांबतो आणि शेवटी हीच ओळ दाखवतो. ‘कसलीतरी एरर आली’ असं ते म्हणाले असते, तर घाबरून केबल उपटा, पुन्हा पहिल्यापासून करा, असं सगळं झालं असतं. ओळ इंग्रजीत असेल तर तशीच इंग्रजीत उतरवा, तिचं भाषांतर करू नका.

तेव्हा साहित्यात लिहा: सांकेतिक नाव, सिस्टीमची आवृत्ती आणि तारीख, सिम कुठल्या कंपनीचं. ‘लेटेस्ट’ लिहू नका, पुढच्या आठवड्यात त्याला अर्थ राहत नाही. कृतीत जे केलं ते क्रमाने लिहा, मधे काही चुकलं असेल तर तेही. निरीक्षणात जे दिसलं तेवढंच. अनुमान सगळ्यात शेवटी, आणि ते नसलं तरी चालतं. लॉग (फोनने आपोआप ठेवलेली कामाची नोंद) जोडणार असाल तर आधी तो वाचा. त्यात आयएमईआय, फोन नंबर, घरच्या वायफायचं नाव, कधी कधी ठिकाणसुद्धा असतं. ते खोडल्याशिवाय कुणालाही देऊ नका, आम्हालाही नाही.

‘माझ्याकडे पण असंच होतं’ एवढंच सांगण्याने कुणाला काही मिळत नाही. तुमचं सिम वेगळं असेल, गाव वेगळं असेल, तर त्या फरकासकट सांगा. कवठेमहांकाळला कॉल कापला जातो आणि सांगलीत जात नाही, ही खरी माहिती झाली.

‘नवी आवृत्ती कधी येणार?’ हा प्रश्न आमच्याकडे विचारायचा नाही. एका फोनची बाजू सांभाळणारी बहुतेक एक-दोन माणसं असतात. नोकरी, परीक्षा, आजारपण सांभाळून, पैसे न घेता ती हे करतात. त्यांना घाई करण्याचा हक्क आपल्याला नाही. आणि प्रश्न सुटला तर कसा सुटला ते परत येऊन सांगा. ‘झालं, धन्यवाद’ म्हणून निघून गेलेल्या माणसामागे पुढचा तिथेच अडकतो. याचा मला मनापासून राग येतो.

‘खरं ओपन’ कुठलं

हा वाद दर दोन-तीन महिन्यांनी होतोच. अभियांत्रिकीतल्या मुलांपैकी एक म्हणतो, लिनिएज खरं ओपन नाही, त्यात कंपनीचे बंद, म्हणजे कोड न दाखवलेले तुकडे आहेत. आजोबा म्हणतात, कंपनीने माझ्या फोनला अपडेट देणं बंद केलं, यांनी दिलं, मला तेवढं पुरे. दोघंही खरं बोलतात, कारण दोघं वेगवेगळ्या थरांबद्दल बोलतात. म्हणून वाद घालण्याआधी थर सांगा: ॲप, सिस्टीम, कर्नल (सिस्टीमचा गाभा), ड्रायव्हर (फोनचा एकेक भाग चालवणारा कोड) की मोडेम (मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग). अँड्रॉइड फोनमधलं लिनक्स कर्नल जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली आहे, त्यामुळे फोन विकणाऱ्याने कर्नलचा कोड देणं बंधनकारक आहे. त्याच्या वरचे ड्रायव्हरचे कितीतरी तुकडे बंदच असतात, आणि मोडेमच्या आतलं सॉफ्टवेअर जवळजवळ सगळीकडे बंद असतं. पाइनफोन या लिनक्सवर चालणाऱ्या फोनमध्ये मागचं झाकण काढलं की बारीक स्विच दिसतात. मोडेम, वायफाय, माइक, कॅमेरे त्यांनी वेगवेगळे बंद करता येतात. लिब्रेम ५ या तशाच फोनमध्ये असे तीन स्विच बाहेरच्या कडेलाच आहेत. मोडेम उघडा करता येत नसेल तर निदान त्याची वीज तोडता यावी, हा तिथला विचार मला पटतो.

ही धडपड नवी नाही. ओपनमोको या ओपन सोर्स प्रकल्पाचा निओ १९७३ हा फोन २००७ चा. त्याचं नाव पहिला हातातला मोबाइल कॉल झाला त्या वर्षावरून ठेवलं होतं. आणि २०१७ मध्ये आलेला जिओफोन ज्या कायओएसवर चालतो, ते मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसच्या कोडमधून निघालं आहे. आमच्या बेदाण्याच्या काकांच्या शेडवरच्या गड्याकडे तो होता. ओपन सोर्सची गोष्ट तासगावात आपल्या आधी पोचली होती, हे त्या दिवशी आम्हाला कळलं.

मराठीची तपासणी

हे काम दुसरं कुणी आपल्यासाठी करणार नाही. नवी सिस्टीम टाकली की एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲपच्या दुकानातून इंडिक कीबोर्ड घ्या आणि हे शब्द लिहून बघा: दऱ्या, कुऱ्हाड, ऱ्हस्व, वाऱ्यावर. फाँट किंवा कीबोर्ड कच्चा असेल तर अर्धा र नीट जुळत नाही, किंवा त्याचा रफार होतो. दऱ्याचं दर्या झालं की डोंगरातली माणसं समुद्रात गेली, आणि आचाऱ्यांना दिलेलं आमंत्रण आचार्यांना पोचलं. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित फाँटवर तोच शब्द ताडून बघा, म्हणजे दोष फाँटचा की कीबोर्डचा हे कळतं. दोन्हीचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून, आवृत्तीसकट, जिथे सांगायचं तिथे सांगा. जिथे इंग्रजी शब्द तसेच राहिले आहेत तिथे मराठी भाषांतर सुचवता येतं, त्यासाठी प्रोग्रामिंग लागत नाही. आजोबा रोज संध्याकाळी दहा ओळी करतात. ‘डिलीट’ला ‘पुसा’ की ‘हटवा’, यावर आमची एक अख्खी सकाळ गेली. ‘हटवा’ ठरलं.

येताना फोनबरोबर डेटा केबल आणा. चार्जिंगपुरत्या केबलीवर लॅपटॉपला फोन दिसत नाही, आणि दर वेळी एकजण तसलीच घेऊन येतो. लॅपटॉप नसला तर माझा आहे. वही आणि पेन लागेलच.