सुटलेलं शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्याला मदत कशी करावी

घरातून आजवर कोणी विद्यापीठाची पायरी चढलेलं नाही, शाळा मधेच सुटली, मग काम, संसार, मुलं, कधी स्थलांतर. आणि आता तिशी-चाळिशीत पुन्हा शिकायचं मनात आलं आहे. अशा माणसाला मदत करणारे बहुतेक जण अर्ज भरून देतात आणि प्रवेश मिळाला की आपलं काम झालं असं समजतात. पण शिक्षण पुन्हा सुटण्याचा खरा धोका पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत असतो. म्हणून मदत प्रवेशाच्या तीन-चार महिने आधी सुरू व्हायला हवी आणि पहिला गृहपाठ तपासून परत येईपर्यंत तरी सुटता कामा नये.

पहिली भेट

पहिल्या भेटीत फॉर्म बाहेर काढू नका. ज्याला शाळेत वर्गासमोर उभं करून बोलणी बसली आहेत, त्याला कोरा फॉर्म पाहूनच घाम फुटतो. पाऊण तास नुसतं बोला. शेवटची इयत्ता कोणती, शाळा कशामुळे सुटली, तेव्हा कोणता विषय आवडायचा, आणि आत्ताच का शिकायचं आहे, एवढं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, पुढे दोनदा उपयोगी पडतं.

‘तुम्ही हुशार आहात, सहज जमेल’ असं म्हणू नका. पहिला धडा अडला की ते वाक्य उलटतं. त्याऐवजी पुढच्या भेटीचा दिवस ठरवा आणि एकच छोटं काम द्या: घरात असतील ती जुनी प्रमाणपत्रं शोधून आणायची.

कागदपत्रांची फाइल

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून हे आधी हातात घ्या. नेहमीची अडचण नावाची असते. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, ओळखपत्रावर दुसरं. लग्नानंतर आडनाव बदललेलं. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव, वडिलांचं किंवा आईचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर कोणता कागद दुरुस्त करावा लागेल आणि कुठे प्रतिज्ञापत्र चालेल, हे प्रवेश कार्यालयाला लेखी विचारा. हरवलेल्या प्रमाणपत्राच्या दुय्यम प्रतीला कित्येक आठवडे लागू शकतात.

मूळ कागद कुणाकडेही ठेवू देऊ नका. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन करून ठेवा.

आठवड्याचे १६८ तास

अभ्यासक्रम निवडण्याआधी हे करा. अनेकदा नेमकं हेच राहून जातं. कागदावर सात रकाने आखा आणि खरा आठवडा भरा, मनातला नव्हे. समजा झोप रोज ७ तास म्हणजे ४९, सहा दिवसांचं काम ४८, जाणं-येणं १०, स्वयंपाक, घरकाम आणि मुलांचं किंवा म्हाताऱ्यांचं बघणं ३५, जेवण-अंघोळ १४. बेरीज १५६. उरले १२.

आता हे १२ तास अभ्यासक्रमाशी ताडून पाहा. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे वर्ग, वाचन, लेखन आणि परीक्षेची तयारी धरून २५ ते ३० तासांचं काम. ५ क्रेडिटचा विषय १५ आठवड्यांत पुरा करायचा तर आठवड्याला साधारण ८ ते १० तास लागतात. म्हणजे या माणसाला पहिल्या सत्रात एकच विषय झेपतो आणि आजारपणासाठी दोनेक तास हाताशी राहतात. तीन विषय घेतले तर २५ ते ३० तास लागतील, आणि ते त्याच्याकडे नाहीतच. तीन विषय घेऊन तो मागे पडला तर दोष स्वतःच्या डोक्याला देईल. चूक मात्र बेरजेची होती. इतर देशांत क्रेडिटचे तास वेगळे धरतात, तेव्हा संस्थेला नेमका आकडा विचारा.

हाच तक्ता घरच्यांसमोर ठेवा. ‘मला अभ्यासाला वेळ द्या’ म्हणण्यापेक्षा ‘मंगळवारी आणि गुरुवारी आठ ते साडेनऊ मी या खोलीत, भांडी तेव्हा कोण घासणार?’ असं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं.

प्रवेशाची वाट

बारावीसारखी परीक्षा पास असणं हाच एक रस्ता नसतो. ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ पासून आधीच्या पात्रतेची अट न घालता पदवीचे अभ्यासक्रम शिकवायला सुरुवात केली. पुढे अनेक देशांत मुक्त विद्यापीठं उभी राहिली. काही संस्था पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवतात, काही ठिकाणी कामाच्या अनुभवाला शैक्षणिक मान्यता देतात. त्या मान्यतेसाठी ‘दहा वर्षं गोदामात काम केलं’ एवढं पुरत नाही. कोणती नोंदवही ठेवली, किती माल हाताळला, कुठला घोळ कसा सोडवला आणि त्याचा पुरावा काय, हे सांगावं लागतं.

पैशाबाबत तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. अर्धवेळ विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती लागू आहे का? ती आधी मिळते की फी भरल्यावर परत मिळते? आणि नाव नोंदवल्यावर सध्या मिळणारी एखादी सरकारी मदत बंद होते का? तिसरा प्रश्न विचारायचा राहिला तर सगळं घर अडचणीत येऊ शकतं.

अर्जासोबतचं निवेदन बोलून तयार करा. मोबाइलवर दहा मिनिटं त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, मग दोघांनी मिळून उतरवून काढा. शिक्षणात खंड पडल्याबद्दल माफी मागत पानभर लिहायची गरज नाही, त्याला दोन वाक्यं पुरतात. बाकी जागा हा विषय का, आणि सध्या त्यातलं काय वाचताय, यासाठी ठेवा. पहिल्या भेटीत लिहून घेतलेलं उत्तर इथे कामी येतं.

आठ आठवड्यांचा सराव

रोज अर्धा तास पुरे. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं, मग पान उघडून काय सुटलं ते पाहायचं. हे वाचून वाचून पाठ करण्यापेक्षा अवघड वाटतं, म्हणून लोक सोडून देतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आठवताना होणारी दमछाक म्हणजे आपली बुद्धी कमी, असा अर्थ लावला जातो.

आठवड्याला दीडशे शब्दांचं एक टिपण लिहून घ्या. तपासताना लाल पेन वापरू नका. एका वेळी दोनच चुका दाखवा, त्यातली एक मांडणीची असू दे.

आणि गृहपाठ ऑनलाइन जमा करण्याची रंगीत तालीम करा: लॉगिन, पासवर्ड, फाइलला नाव देणं, पीडीएफ करणं, अपलोड, पोच जपून ठेवणं. फोटो काढून जोडलेली फाइल मर्यादेपेक्षा मोठी निघते आणि हे शेवटच्या रात्री पावणेबाराला कळतं.

प्रवेशानंतर

तुमच्या कॅलेंडरमध्ये चार फोन आत्ताच लिहून ठेवा: पहिल्या आठवड्याअखेर, तिसऱ्या आठवड्यात, पहिल्या गृहपाठाच्या पाच दिवस आधी आणि गुण हाती येतील त्या दिवशी. चौथा कधीही चुकवू नका. पहिले कमी गुण म्हणजे ‘हे आपलं काम नाही’ असा निकालच वाटतो. त्या दिवशी शेजारी बसा, शेरे एकत्र वाचा आणि पुढच्या वेळी बदलायची एकच गोष्ट ठरवा. मग पहिल्या भेटीतलं ते उत्तर पुन्हा वाचून दाखवा.

दोन वर्ग चुकले की तीन दिवसांच्या आत संपर्क करा. ‘का आला नाहीत?’ असं विचारू नका, आधी त्या वर्गाच्या नोट्स पाठवा. मुदत वाढवून मागणं हा विद्यार्थ्याचा अधिकार असू शकतो, हे घरातून पहिल्यांदाच शिकायला आलेल्याला ठाऊक नसतं. मजकूर साधा असू दे: ‘मॅडम, मुलगा आजारी असल्याने शुक्रवारचा गृहपाठ मंगळवारपर्यंत देता येईल का? अर्धा लिहून झाला आहे, सोबत जोडतो.’ असा संदेश मुदत संपण्याआधी जायला हवा.

आणि खरंच थांबावं लागलं, तर गुपचूप जाणं बंद करू देऊ नका. न कळवता गैरहजर राहिलं तर नापासाचा शेरा आणि फीची थकबाकी मागे राहू शकते. सत्र तात्पुरतं स्थगित करण्याचा अर्ज असतो का, तो कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा आणि परत येण्याची मुदत किती, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारून फाइलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.